ताईच्या पातेल्यातली वाटी

शहराच्या खाद्यमहोत्सवात पाणीपट्टी खात्यातल्या एका कारकुनाने छोटासाच निर्णय घेतला. बायको हात धुऊन येईपर्यंत तिचा स्टॉल आपण सांभाळायचा.

यंदाची स्पर्धा होती आसपासच्या मळ्यांतल्या भोपळ्याच्या भाजीची. बायकोला बक्षिसाची हाव नव्हती. पण शेजारच्याच स्टॉलवर त्याची थोरली बहीण होती, आणि भावजयीच्या हाताला चव नाही, हे ताईने लग्नापासून साऱ्या नात्यागोत्यात पसरवून ठेवलं होतं. त्याचा एकदा निकाल लावायचा होता.

परीक्षक येईपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही, असं बजावून बायको नळाकडे गेली. नळावर रांग होती.

इकडे एका आजोबांनी चमचाभर चव मागितली. नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं (ऑफिसातल्या सगळ्यांची कामं त्याच्याच टेबलावर येत ती उगाच नव्हे). आजोबांनी मान डोलावली, तशी मागे माणसं जमली. बायकोचं कौतुक ऐकून तोही फुशारला आणि वाढत सुटला. पळी बुडाला खणकन लागली तेव्हा समोर बिल्ले लावलेले परीक्षक उभे होते.

त्याने शेजारच्या स्टॉलकडे पाहिलं. परीक्षक वहीत काही लिहीत होते, ताई कुणाशी तरी बोलत होती. तिची पाठ फिरताच त्याने तिच्या पातेल्यातून वाटी भरली आणि परीक्षकांपुढे ठेवली. वेळ निभावली, असं त्याला वाटलं.

पहिलं बक्षीस त्याच वाटीला मिळालं.

नळावरून परतलेली बायको मंचावर गेली. डोळे भरून तिने त्याच्याकडे पाहिलं. लग्नातही ती इतकी सुंदर दिसली नव्हती, आणि त्याला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. परीक्षकबाई म्हणाल्या, त्या खरपूस लसणीनेच आम्हाला जिंकलं.

"मी लसूण घालतच नाही," बायको म्हणाली. माइक चालू होता.

समोरून ताई उठली. "मी घालते."

सगळं उघडकीला आलं. बायकोने बक्षीस ताईच्या हातात दिलं, स्टॉलवर आली आणि रिकाम्या पातेल्यापाशी बसून रडली. संसार संपला, अशी त्याची खात्री झाली.

तेवढ्यात ताई आली. पातेल्याच्या कडेने बोट फिरवून तिने चाटलं आणि पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"चांगली झाली होती गं. माझ्यासाठी थोडी ठेवायचीस."

"ठेवणारच होते, ताई. यांनी वाटून टाकली."

ताईने भावाकडे एक नजर टाकली. "लहानपणापासून हा असाच आहे."

बायकोने डोळे पुसले. "होय? मला वाटायचं, माझ्याकडे आल्यावर बिघडले."