दीडशे किलोंचा पेशंट

स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना मास्तरांचं बोट भोपळ्यात गेलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते परसातल्या भोपळ्याला अंघोळ घालत, फडक्यानं पुसत आणि गळ्यातल्या टेपनं त्याचा घेर मोजत. सगळ्यात जड भोपळ्याच्या स्पर्धेत सलग तीन वर्षं बेकरीवाल्याच्या भोपळ्यानं त्यांना दुसऱ्या नंबरावर ठेवलं होतं. यंदाचा भोपळा दीडशे किलोंच्या घरात गेला होता, आणि आज देठाजवळ, जिथं अंघोळीचं पाणी साचायचं, तिथं कोटाच्या बटणाएवढा डाग मऊ पडला होता.

"अहो, वास येतोय," बायको म्हणाली. "कापून वाटून टाका आता."

मास्तरांनी शेजारी निरोप धाडला.

शेजारचे दाताचे डॉक्टर नुकतेच निवृत्त झाले होते. हाताला काम नसल्यानं त्यांना दिवस खायला उठत होता. निरोप मिळताच ते हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले.

"सडलेलं सगळं कोरून काढावं लागेल."

"जपून. आरपार भोक पडलं तर स्पर्धेतून बाद करतात."

डॉक्टरांनी कोरायला घेतलं आणि सवयीनं विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

खड्डा वाटीएवढा झाला तेव्हा कुठं कडक गर लागला. डॉक्टरांनी त्यावर गंधकाची भुकटी दाबली. "आता अंघोळ बंद. आणि सतत वारा हवा."

घरातला टेबलफॅन परसात आला. दोन दिवस बायकोनं उकाडा सोसला. तिसऱ्या दिवशी ती विळी आणि भाजी घेऊन भोपळ्याशेजारी येऊन बसली. एका फॅननं भागेना म्हणून मास्तरांनी दुकानातलाही आणला. मग दुकानात बसवेना, म्हणून शिलाई मशीन आलं. मशीनमागोमाग गिऱ्हाइकं आली. माप देता देता जो तो भोपळा दाबून बघायचा.

"हात लावू नका," बायको दटावायची. "जखम अजून ओली आहे." सहाव्या दिवशी तर कुणी न विचारताच ती सांगू लागली, "आज बराच उतार आहे."

नवव्या दिवशी जखम चामड्यासारखी सुकली. भोपळा टेम्पोत चढवायला आठ जण आले. मदतीच्या नावाखाली बेकरीवालाही अंदाज घ्यायला आला. भोपळ्याला पट्टे बांधले, सगळ्यांनी एकदम जोर लावला.

भोपळा वर आला. बूड जमिनीवरच राहिलं.

आतलं पाणी आणि बिया बेकरीवाल्याच्या बुटांवर सांडल्या. महिनाभराच्या अंघोळीचं पाणी खाली मुरून बूड सडत होतं, आणि सगळ्यांचं लक्ष देठाकडे.

मग डॉक्टरांनी वाकून देठाजवळ बोट फिरवलं. "माझं काम मात्र पक्कं आहे," ते हळूच म्हणाले.

"खाली फळी घालायची असते हो," बूट पुसत बेकरीवाला म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मास्तर स्टुलावर बसले. बायको मात्र खाली बसून दोन वाट्यांत बिया गोळा करत होती. ते बघून मास्तरांना भरून आलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा लावू म्हणतेस?"

"लावू नाही, मी लावणार आहे. तुम्ही तुमचा वेगळा लावा."

तिनं एक वाटी त्यांच्यापुढं सरकवली. मास्तरांनी आधी आपल्या वाटीत पाहिलं, मग तिच्या. टपोऱ्या बिया सगळ्या तिच्याकडे होत्या.