ग्रिबलांचा चोर

"नोरीन, चोर सापडला!"

लेस्ली ग्रिबलची ही आरोळी आतल्या खोलीतून आली तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरात ॲपल पायसाठी पीठ लाटत होती. हातातलं लाटणं तसंच उगारून ती आत धावली. आत चोरबीर कोणी नव्हतं. तिचा एकाहत्तर वर्षांचा नवरा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवत हसत होता. इतका तो लग्नाच्या फोटोतही हसलेला नव्हता.

"आपल्या घराण्यातला!" तो म्हणाला. "जेबेझ ग्रिबल. अठराशे एकोणतीस साल, लंडनचं कोर्ट. तांब्याची किटली चोरली!"

"आपला जेबेझ? घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर नाव आहे, तो?"

"तोच गं! सगळं रेकॉर्ड पालथं घातलं. ग्रिबल आडनावाचा एकच माणूस आहे, आणि देवाच्या दयेनं तो चोर आहे."

नोरीननं लाटणं टेबलावर ठेवलं आणि पिठाच्या हातांनी त्याचा चेहरा धरून टकलाचा मुका घेतला. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'पुढील पान' असं लिहिलेलं होतं. ते लेस्लीनं पाहिलं नाही, कारण तोवर तो बूट चढवायला लागला होता.

टास्मानियातल्या कॉर्बी गावात माणसाची पत त्याच्या पूर्वजांनी काय चोरलं यावर ठरते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. ज्यांचे खापरपणजोबा इंग्लंडात काळ्या पाण्याची शिक्षा होऊन, बेड्या घालून सरकारी जहाजातून इथं आले, ते खानदानी. ज्यांचे आपण होऊन, रीतसर तिकीट काढून आले, ती चांगली माणसं. 'चांगली माणसं' हे शब्द कॉर्बीत जरा आवाज खाली आणून उच्चारतात.

लेस्ली आजवर चांगल्या माणसांत होता. नोरीनचं माहेर मात्र डॉबनींचं. त्यांच्याकडे मेंढीचोर होते, घोडेचोर होते, आणि एक तर असा होता की फाशी देताना दोर तुटला, म्हणून जिवंत सुटून इकडे आला. तो दोर नोरीनचा थोरला भाऊ केल्विन दर नाताळच्या जेवणात न चुकता तोडायचा आणि मग मेव्हण्याकडे वळून विचारायचा, "काय जावईबापू, तुमच्याकडे कोणी निदान कोंबडी तरी?"

गावातल्या जुन्या कोर्टात सफरचंदांचा हंगाम संपला की दरवर्षी 'खटल्याचा दिवस' होतो. एखाद्या पूर्वजाचा खटला मूळ कागदांवरून शब्दन् शब्द वाचतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचाच वंशज उभा राहतो. सगळं गाव त्याला हुर्यो करतं, शिक्षा झाली की टाळ्या वाजवतं आणि मग त्याच्याबरोबर चहा पितं. लेस्ली शाळेची बस चालवायचा. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांच्या लहानपणी त्यानंच शाळेत पोचवलं होतं. पण खटल्याच्या दिवशी त्याचं काम एकच, खुर्च्या मांडायच्या. त्याच्या वडिलांचंही तेच. "त्या पिंजऱ्यात एकदा उभं राहायला मिळालं असतं," असं वडील म्हातारपणी म्हणायचे, आणि लगेच विषय बदलायचे. लेस्लीला हे कधी विसरता आलं नाही. आयुष्यभर एका गावात राहूनही आपण पाहुणेच, ही सल वाईट असते.

म्हणून तो बूट घालून आधी केल्विनकडे गेला.

केल्विननं सगळं ऐकून घेतलं. "किटली," तो म्हणाला. "किटलीत काय मोठेपणा? आमच्याकडे मेंढ्या आहेत."

"तांब्याची होती."

"रिकामी?"

"भरलेली! उकळत्या पाण्यानं! कोटाखाली लपवून पळत होता. शिपायानं साक्ष दिलीय, कोटातून वाफ येत होती म्हणून."

केल्विनला हसू आवरलं नाही. त्याचं पोट बराच वेळ हलत राहिलं. "वाफ येत होती! बरं बरं, जावईबापू. छोटा का होईना, चोर तो चोर."

तिथून लेस्ली मिसेस थ्रॉसेलकडे गेला. खटल्याच्या दिवसाचा सगळा कारभार या बाई एकहाती चालवत. त्यांना तर देवच भेटला, कारण यंदाचा ठरलेला आरोपी शिडीवरून पडून हॉबर्टच्या हॉस्पिटलात पाय वर बांधून पडला होता. "मिस्टर ग्रिबल, तुम्ही आमची लाज राखलीत," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत पोस्टर छापायला गेलं: 'जेबेझ ग्रिबल, किटलीचोर. आरोपीच्या पिंजऱ्यात: लेस्ली ग्रिबल.'

पुढे गोष्टी आपोआप होत गेल्या. पर्थहून मुलीनं नवऱ्यासकट विमानाची तिकिटं काढली. बेकरीवाल्यानं किटलीच्या आकाराची बिस्किटं काचेत मांडली. जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक तांब्याची किटली उसनी आली. लेस्लीनं ती घासूनपुसून चकचकीत केली आणि कोटाखाली धरून अंगणात पळायचा सराव केला. रस्त्यात माणसं त्याला थांबवून म्हणू लागली, "काय रे चोरा!" तो प्रत्येक वेळी टोपी काढून मान लववायचा.

खटल्याला आठवडा उरला तेव्हा मिसेस थ्रॉसेलचा फोन आला. "साक्षीदारांची कामं वाटायची आहेत. सगळा मजकूर छापून आणता का? शेवटपर्यंत."

लेस्लीनं छापला. प्रिंटरमधून पहिलं पान आलं. मग दुसरं आलं.

दुसऱ्या पानावर किटलीची मालकीण सुझॅना हिची साक्ष होती. न्यायाधीश विचारतात, ही किटली तुमचीच असं शपथेवर सांगता? ती म्हणते, "नाही साहेब, शपथेवर कसं सांगू? किटल्या सगळ्या सारख्याच दिसतात." त्याखाली दोनच शब्द होते. आरोपी निर्दोष.

नोरीन आली तेव्हा तो पान मांडीवर ठेवून बसला होता.

"सुटला गं," तो म्हणाला. "आपला सुटला."

नोरीननं चष्मा लावून पान वाचलं, उलटं करून मागेही पाहिलं. मागे काही नव्हतं.

"म्हणजे इकडे आला तो..."

"आपण होऊन. तिकीट काढून." त्यानं प्रिंटरकडे पाहिलं. "नोरीन, हे पान जर प्रिंटरमध्ये अडकलं असं म्हटलं तर?"

"लेस."

"नाही, मी आपलं म्हटलं."

नोरीन खोटं बोलत नसे. त्यांची जुनी गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला तिनं गाडीचे इतके दोष सांगितले होते की ते बिचारं बस पकडून घरी गेलं. तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला. "जे आहे ते जाऊन सांग. मी येते बरोबर."

मिसेस थ्रॉसेलनी पान दोनदा वाचलं. "निर्दोष," त्या म्हणाल्या. "कॉर्बीत आजवर कोणी निर्दोष सुटलेलं नाही हो."

"मी नाव मागे घेतो."

"आणि आता ऐन वेळी मी दुसरा चोर कुठून आणू? पोस्टरं हॉबर्टपर्यंत लागलीत. नाही, मिस्टर ग्रिबल. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहाल, जे लिहिलंय ते वाचलं जाईल, तुम्ही सुटाल आणि मग आपण सगळे चहा घेऊ." त्यांनी नोरीनकडे पाहिलं. "सुझॅनाचं काम तुम्हीच करा. तुमचं वाचन चर्चमध्ये स्पष्ट असतं."

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी केल्विन दारात हजर. तो दरवर्षी न्यायाधीश व्हायचा, कारण आवाज मोठा होता आणि न्यायाधीश घालतात तो केसांचा टोप त्याच्याकडे स्वतःचा होता.

"जावईबापू, ऐकलं ते खरं का?"

"खरं आहे."

"सुटला? बरं, सुटला ते सुटला. पण सुटल्यावर आपल्या पैशानं तिकीट काढून इथं आला? त्या काळात? आमच्या लोकांना ओढत आणावं लागलं, आणि तुमचा रांगेत उभा राहून आला?"

एरवी लेस्ली हसला असता. या वेळी तो म्हणाला, "बाबांना त्या पिंजऱ्यात उभं राहायचं होतं, केल्विन." आणि आत निघून गेला. केल्विन दारातच उभा राहिला. मग न सांगताच परत गेला. हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी लेस्ली पहाटे उठला, जुना कोट चढवला आणि खुर्च्या मांडायला गेला. कोणीतरी त्या आधीच मांडल्या होत्या. कोर्ट गच्च भरलं. पर्थची मुलगी पहिल्या रांगेत मोबाइल उगारून बसली होती. तिला काही सांगायचं धाडस आई-बापांपैकी कोणालाच झालं नव्हतं.

लेस्ली पिंजऱ्यात चढला. गावानं हुर्यो केली, पण ती हुर्यो जरा मवाळच होती. सुटणाऱ्या माणसाला कोणी किती शिव्या घालणार?

पोस्टमास्तरांनी शिपायाची साक्ष दिली. "साहेब, मी विचारलं, कोटातून वाफ का येते? आरोपी म्हणाला, थंडीत मला असंच होतं." कोर्ट हसून लोळायला लागलं. क्षणभर लेस्लीही विसरला आणि हसला. मग सुझॅनाचं नाव पुकारलं गेलं आणि त्यानं कठडा घट्ट धरला.

नोरीन साक्षीदाराच्या जागी येऊन उभी राहिली. हातात कागद, नाकावर चष्मा. समोर टेबलावर किटली.

केल्विननं टोप सारखा केला. "बाई, ही किटली तुमचीच आहे असं शपथेवर सांगता?"

नोरीननं कागदाकडे पाहिलं. मग पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथं तिचा नवरा शाळेत नापास झालेल्या मुलासारखा मान खाली घालून उभा होता. तिनं चष्मा काढला आणि कागदाची घडी केली.

"हो," ती म्हणाली. "माझीच आहे."

केल्विनची कागदावरची जागा हरवली. "काय म्हणालात?"

"माझीच किटली. तोटीजवळ पोचा दिसतोय ना? तो मी पाडलाय."

"असं लिहिलेलं नाहीये!" मिसेस थ्रॉसेल दाराआडून ओरडल्या.

"मग लिहिणाऱ्याची चूक आहे," नोरीन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"बाई," केल्विन पुढं वाकला, "तुम्ही शपथेवर आहात. आणि तू कधी..."

"मला कळतंय, केल्विन. तू पुढचं बघ."

 केल्विननं बहिणीकडे पाहिलं. साठ-पासष्ट वर्षांत त्यानं तिला एकदाही खोटं बोलताना पकडलं नव्हतं, आणि पकडायचा प्रयत्न पुष्कळ केला होता. त्यानं ज्युरीकडे वळून विचारलं, "सभ्य गृहस्थहो, आपला निर्णय?"

ज्युरीचा प्रमुख गावचा दातांचा डॉक्टर होता. त्याच्या हातात मिसेस थ्रॉसेलनी दिलेला 'निर्दोष' लिहिलेला कागद होता. त्यानं तो पाहिला, खिशात घातला आणि उरलेल्या अकरा जणांकडे पाहिलं. त्यातले बरेच जण लहानपणी लेस्लीच्या बसमध्ये ओकलेले होते आणि त्यानं ते कोणाच्या घरी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दोषी!" डॉक्टर ओरडला. "एकमतानं!"

मग जी हुर्यो झाली ती खरी हुर्यो होती. लोक खुर्च्यांवर चढले. "चोर! चोर!" करून बायाबापड्यांनी कोर्ट डोक्यावर घेतलं. कोणीतरी बिस्किट फेकून मारलं, ते लेस्लीच्या छातीला लागलं. मिसेस थ्रॉसेलनी हातातले कागद खाली ठेवले आणि त्याही ओरडू लागल्या. पर्थची मुलगी शेजारणीला सांगत होती, "माझे बाबा आहेत ते!"

केल्विननं हातोडा आपटून आपटून शांतता आणली. त्याच्यापुढच्या कागदात शिक्षा नव्हतीच, ती सुटलेल्या माणसाला असणार कुठून? त्यानं कागद बाजूला सारले.

"कैदी ग्रिबल," तो म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज जरा चिरकला. "इतकी वर्षं तू, आणि तुझ्या आधी तुझा बाप, चांगली माणसं असल्याचा बहाणा करून आमच्यात राहिलात. हे कोर्ट तुम्हा दोघांनाही दोषी ठरवतं. शिक्षा, सात वर्षं काळं पाणी. ती कॉर्बीतच भोगायची. काही बोलायचंय?"

लेस्लीनं कठडा सोडला. त्यानं नोरीनकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "सातच?"

केल्विननं हातोडा उचलला.

"जन्मठेप," तो म्हणाला, आणि डोक्यावरचा टोप काढून त्यानं आपलं तोंड पुसलं.