अँटेना पुलाखालून पार केली, त्या मोहिमेची हकीकत

ही हकीकत कोणी खरी मानणार नाही, हें आम्ही आरंभींच कबूल करितों. न मानणारांनीं जरा पुढें सरकून बसावें, म्हणजे त्यांस नीट ऐकूं येईल. आम्ही जातीनिशीं नौकेवर होतों. इतर काय सांगतील तें सांगोत.

तर वर्तमान ऐसें जाहलें कीं, बंदराचे साहेबांनीं फर्मान काढिलें: ज्या नौकेचें वायरलेस बोलत नसेल तिचा परवाना रद्द, शेवटचे तारखेस कचेरी बंद होण्याचे आंत नौकेनिशीं हजर होऊन तें बोलवून दाखविणें, उजूर चालणार नाही. आमचे शेजारी राजमान्य तांडेल, खाडीचे आंतले अंगास ज्यांची एकच नौका, तेंच राज्य आणि तीच दौलत, त्यांचें तोंड उतरलें. परवाना गेला म्हणजे नौका भंगारांत, आणि तांडेल दुसऱ्याचे नौकेवर दोर ओढावयास. वायरलेसचा डबा होता, परंतु अँटेना नव्हती, आणि अँटेनेविना डबा म्हणजे दांतखीळ बसलेला वकील.

मग वायरमनबहाद्दरांस खलिते गेले, आणि तीन वेळां ‘निघालोच’ ऐसा जबाब आला, आणि चवथे वेळीं, ऐन शेवटचे दिवशीं, ते खरोखरच आले. मग केबिनचे छपरावर चढले, भोंक पाडिलें, तार आंत सोडिली, आणि जोडणी सोल्डर करून पक्की केली; तेव्हां ध्यानांत आलें कीं जोडणीची टोपी तारेंत आधीं ओवावयाची राहिली. मग सोल्डर सोडविलें, टोपी ओविली, पुन्हा सोल्डर केलें, आणि “मुद्दामच केलं, चेक करायला,” ऐसें जाहीर केलें. येणेंप्रमाणें पुरुषभर उंच पांढरी काठी छपरावर उभी राहिली. बुडाशीं चिकट राळ ओतून हुकूम सोडिला कीं स्क्रू काढाल तर छप्पर गळेल, आणि स्वारी दुसरे मुलखास कूच करती जाहली.

मग नौका हाकारिली, तों समोर गनीम उभा: पूल. आजवर निमूट वाट देत आला तोच आतां आडवा पडला. भरती ऐन भरांत. पाणी वर, म्हणोन नौका वर, आणि काठीचें टोंक पुलाचे तुळईहून चार बोटें वर. ओहोटीची वाट पाहावी तर कचेरी बंद. तेव्हां आम्ही मसलत दिली: पूल उंच होत नाही, काठी ठेंगणी होत नाही, तस्मात् नौका बुडवावी, सगळी नव्हे, चार बोटें.

मग आप्तांमधून वजनदार असामी निवडून चौदा जणांची कुमक मागविली. आघाडीस मामासाहेब, ज्यांचे बैठकीनें गेले साली दोन खुर्च्या कामास आल्या. त्यांमागें दोन्ही आत्याबाई, चुलते आणि व्याही. एकेक उतरे, नौका कण्हे, आणि आम्ही नाळेवर, म्हणजे नौकेचे पुढील टोंकावर, फूटपट्टी धरून पुकारा करूं. तीन बोटें सर जाहलीं. एक बोट राहिलें, आणि आप्त संपले.

धक्क्यावर उरल्या त्या एकट्या तांडेलांच्या सासूबाई. जावयांनीं पाहुण्यांदेखत त्यांचे घोरण्याची नक्कल केली, तेव्हांपासून तीन वर्षें उभयतांत बोलाचाली बंद. मग आमचे मध्यस्थीनें तहाचें कलम ठरलें: जावयांनीं स्वमुखें चूक कबूल करावी.

तांडेल पुटपुटले, “चुकलं.”

“ऐकू नाही आलं.”

“चुकलं!”

“कोणाचं?”

“माझं हो, आई, माझंच! उतरा आता, कचेरी बंद होईल!”

मग सासूबाई वजनास भर म्हणोन शिलाईचें यंत्र मांडीवर घेऊन स्थानापन्न जाहल्या, आणि चवथें बोट पाण्याखालीं गेलें. आम्ही हुकूम फर्माविला कीं पूल सरेतों कोणी उठूं नये, शिंकूं नये, जुनीं भांडणें काढूं नयेत. नौका अंधारांत शिरली, तुळईचा रंग खरवडला, मामासाहेबांनीं डोळे मिटिले, आणि पलीकडे ऊन पडलें.

मग कचेरीसमोर जाऊन तांडेलांनीं वायरलेस कानाशीं धरिलें, आणि सारें बंदर ऐकेल ऐसी हाक दिली, आणि आंतून जबाब आला, “येतंय ऐकू, ओरडू नका.” साहेबांनीं शिक्का मारिला. तांडेलांनीं तो कागद दोन वेळां वाचिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

येणेंप्रमाणें पूल जेर जाहला, परवाना बचावला, तांडेलांची दौलत कायम राहिली. मसलत आमची, वजन आप्तांचें, आणि नाळेवर मरणाचे तोंडीं उभे राहिलों तेही आम्हीच. हा दाखला पुढिलांस राहावा म्हणोन—

“काका, एक मिनिट,” भिंतीशी बसलेल्या तांडेलीणबाई म्हणाल्या. “त्या अँटेनेला बुडाशी मूठ आहे. फिरवली की काठी आडवी होते. वायरमननं जाताना मला दाखवली होती, पुलाखाली मीच ती आडवी केली. नावेत मी आणि हे, दोघंच होतो. माझी आई अजून यांच्याशी बोलत नाही. आणि तुम्ही पुलावर उभे राहून ओरडत होतात, ‘परत फिरा, परत फिरा!’”