शब्बीरभाईंच्या चिठ्ठ्या

बिनचिठ्ठीची वायर दिसली की आमच्या शब्बीरभाईंचं जेवण बिघडतं.

चाकणच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी हिशेब बघतो, शब्बीरभाई कॉम्प्युटर बघतात. त्यांचे वडील कांदा बाजारात हमाल होते. गोणीला सुतळीनं चिठ्ठी बांधायची तिथली रीत मुलानं कॉम्प्युटरला लावली. प्रत्येक वायरीला, प्रिंटरला पुठ्ठ्याची चिठ्ठी: कुठून आली, कुठं जाते, कोण वापरतं, शेवटचा हात कुणी लावला.

"गोणी आन् वायर सारखीच, साहेब," ते म्हणतात. "चिठ्ठी न्हाई तर मालक न्हाई."

एकदा दिघीला माझ्या घरी आले आणि टीव्हीमागचा वायरींचा गुंता बघून चहा गार होईपर्यंत चिठ्ठ्या बांधत बसले. तिथं अजून चिठ्ठ्या लोंबतात. बायको म्हणते, घर आहे की कांद्याची वखार? पण इन्व्हर्टर बिघडला तेव्हा नेमकी वायर तिनंच काढली, हे ती सांगत नाही.

चिठ्ठीवरचं सगळं त्यांच्या यादीतही असतं. माणूस बदलला की नोंद त्याच दिवशी बदलते. मी लग्नाला गेलो होतो, तर परत येईपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर 'मोरे, गावाला' अशी चिठ्ठी.

डिस्पॅचला कांबळे होते. दुपारी भिंतीशी दोन स्टुलं लावून दोघं एकत्र जेवत. कांबळ्यांच्या चटणीला शब्बीरभाई रोज नावं ठेवत आणि रोज तीच संपवत. मागच्या उन्हाळ्यात कांबळे हार्ट अटॅकनं गेले.

त्यांच्या जागी सुनीताताई आल्या. आमच्याकडे कॉम्प्युटरला बसणाऱ्याचं नाव दिलेलं असतं आणि ते मालासोबत जाणाऱ्या चलनाच्या कोपऱ्यात छापून येतं. चलन सुनीताताई काढत, कोपऱ्यात 'कांबळे' येई. माल भरून ट्रक त्याच चलनावर निघत. चूक सगळ्यांना दिसत होती. कुणी काही म्हणालं नाही, मीही नाही.

मग गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर आला. तरुण, सभ्य मुलगा. चिठ्ठ्यांवर खूश होऊन त्यानं फोटो काढले. नंतर एक चलन हातात घेऊन म्हणाला, या कांबळ्यांना जरा बोलवा.

शब्बीरभाई सुतळीशी चाळा करत राहिले.

"ते आता येत न्हाईत," ते म्हणाले.

बाकी सगळं चोख आहे, पण एवढी नोंद आत्ताच बदला, नाहीतर मला शेरा मारावा लागेल, असं ऑडिटरनं सांगितलं. शेरा म्हणजे पुढची ऑर्डर अडकणार. शब्बीरभाई खुर्चीवर बसले. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि उचलली.

"मोरेसाहेब, तुमी टाइप करा, राव. मी नुसतं सांगतो."

ते सांगत गेले. मी 'कांबळे' खोडून, दुसऱ्या कुणाचं नाव न घालता, नुसतं 'डिस्पॅच' लिहिलं. पुढचं चलन निघालं, ते त्यांनी नीट वाचलं. मग कॉम्प्युटरवरच्या जुन्या चिठ्ठीची सुतळी न कापता गाठ सोडवली आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भिंतीशी एकटेच जेवत होते. मी माझा डबा घेऊन गेलो. शेजारचं रिकामं स्टूल ओढणार, तेवढ्यात त्याच्या पायाला ती चिठ्ठी दिसली. 'कांबळे'च्या खाली नव्यानं लिहिलं होतं: 'हलवू नये.'

मी खाली मांडी घातली आणि डबा पुढं केला. त्यांनी माझी चटणी घेतली, खाल्ली. नावं मात्र ठेवली नाहीत.