फ्योन चालू आहे का?

“आज रेणू झाले नाहीत तर नाव बदलीन!” मी आमच्या प्रयोगशाळेतल्या आफ्राला छातीठोकपणे सांगितलं. ती बिचारी नखं खात बसली होती. आज तिचा शेवटचा दिवस. सोमवारी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार. हातात आलेख नाही तर डॉक्टरेट नाही, मग आहेतच वडिलांच्या गाई!

काम म्हटलं तर सोपं. रुबिडियम आणि सीझियम या दोघांचे अणू लेसरने पार गारठवायचे आणि हळूच त्यांची जोडी जमवायची. जोडी म्हणजेच रेणू. पण आमच्या कॅमेऱ्याला सुटे अणूच दिसतात, जोडपी नाहीत. पडद्यावरचे ठिपके नाहीसे झाले की समजायचं, लग्न लागलं! खात्री करायची तर जोडी मोडायची, की दोघं परत हजर.

फक्त रुबिडियमच्या नळीचा हीटर जळाला होता, आणि गार नळीतून अणू बाहेरच येत नाहीत. मी काय केलं, बायकोचा फ्योन आणला आणि चिकटपट्टीने बांधून नळीवर रोखला! फ्योन म्हणजे केस वाळवायचं यंत्र. आमच्या इन्सब्रुकमध्ये डोंगरावरून सुटणाऱ्या गरम वाऱ्यालाही फ्योनच म्हणतात. तो सुटला की अर्ध्या गावाचं डोकं दुखतं आणि उरलेलं अर्धं भांडतं.

आफ्रा जेवायला गेली. मला काही बसवेना. ऊठ, पडदा बघ, बस, पुन्हा ऊठ! तेवढ्यात आमच्या प्रोफेसर त्सांगर्लांचा घरून फोन.

“वेंडेलिन, फ्योन चालू आहे ना रे?”

“हो सर, सकाळपासून!”

“तरीच! जोर किती आहे?”

“दोनवर आहे, सर.”

“दोनवर? इथे माझं डोकं दहावर आहे! हे बघ, लेसर हलतात त्याने. तो बंद झाल्याशिवाय मोजमाप घ्यायचं नाही. बंद झाला की लगेच घे!”

“हा आत्ता झाला बघा, सर!”

आमची प्रयोगशाळा तळघरात, खिडकीचं नाव नाही. बाहेर कुठला वारा सुटलाय ते मला काय स्वप्न पडणार? मी खटकन फ्योन बंद केला. आणि काय सांगू! रुबिडियमचे ठिपके विरळ झाले, मग गायबच!

“झाले! रेणू झाले!” मी प्रोफेसरांना फोन लावला, आफ्राच्या वडिलांनाही लावला. ते गावच्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे तो अजस्र पितळी कर्णा, वाजवतात आणि नेमका बँड त्या दिवशी शहरात मिरवणुकीला आलेला. आफ्रा जेवून परत येते तो चामडी चड्ड्या घातलेला अख्खा बँड तळघराच्या जिन्यात! वडिलांनी तिला ट्यूबासकट मिठी मारली. मागून प्रोफेसर, डोक्याला ओला रुमाल, बगलेत वाइन.

“शाब्बास, पोरी! झालीस तू डॉक्टर!”

आफ्राच्या डोळ्यांत पाणीच आलं. डोळे पुसत तिने पडद्याकडे पाहिलं.

“वेंडेलिन, हा सीझियम इथे कसा?”

“कुठे?”

“हा काय, जिथल्या तिथे! अरे, लग्न लागलं असतं तर दोघंही गेले असते ना? नवरा पळालाय आणि नवरी मांडवातच उभी आहे!” तिने नळीला हात लावला. बर्फ! “फ्योन कोणी बंद केला?”

“बंद?” प्रोफेसर म्हणाले. “अगं, बाहेर तर छपरं उडतायत!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ट्यूबातून एक बारीकसा ‘पूं’ निघाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तळघराच्या खाली जायचं तरी कुठे!

बँड गेला, प्रोफेसर गेले, वाइनही गेली. आफ्राने फ्योन चालू केला आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. “एका जागी बस, नाहीतर तुलाच गारठवीन!” ती ओरडली. मी बसलो.

संध्याकाळी दोन्हीकडचे ठिपके एकदमच गेले. तिने जोडी मोडली. दोघंही परत! पुन्हा केलं. पुन्हा तेच! आलेख छापून निघाला तेव्हा ती हसत होती की रडत होती, कोण जाणे. मीही रडलो, लपवत नाही.

धावत जाऊन प्रोफेसरांना फोन लावला. “सर! झाले! खरे रेणू झाले!”



“वेंडेलिन, आधी मला एवढंच सांग. फ्योन चालू आहे की बंद?”

“कुठला, सर?”

त्यांनी फोन आपटला. आता तुम्हीच सांगा, विचारलेलं बरं नाही का?