जिन्यात हरवलेलं नेट

“चोर कुणी का आसंना, त्यानं चोरी करायच्या आधी मी त्याला वळखतो. नजर हाय माझी!”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो कोऱ्हाळ्याला, आमच्या माजघराच्या दाराआडून. मला बघायला आलेल्या पाहुण्यांत तोच सगळ्यात खणखणीत होता. मी मनात म्हटलं, काय हा माणूस! तासाभरानं तो माणूस माझ्या मामाच्या चपला घालून शेळगावला निघून गेला. मामा अनवाणी आणि मी हरखलेली. लग्न ठरलं.

तेच आमचे हे. मानसिंगराव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी ठोकली : ‘गुप्त तपास करून मिळेल. मोठ्यानं हाक मारावी.’ आजवर त्यांनी पुष्कळ प्रकरणं हाताळली. हरवलेल्या कोंबडीच्या प्रकरणात तर माग थेट हंडीपर्यंत लागला. पण तोवर सगळ्यांनी रस्सा ओरपला होता, तपास अधिकाऱ्यासकट. मी त्यांची मदतनीस. पगार नाही, रजा नाही, आणि चहा मीच करायचा.

त्या दिवशी हाक आली ती शेजारच्या रुक्सारची. सिकंदरभाईंची ही लेक. आई लहानपणीच गेली, दादीनं, म्हणजे बिबीजानमावशीनं वाढवली. पोरगी पुण्यातल्या एका कंपनीत लागली, आणि गावात फायबर आलं तशी वसतिगृहाची खोली सोडून घरी आली. माडीवर दार लावून बसायचं आणि शेळगावातून पुण्याचं काम करायचं.

“काका, ऐन मीटिंगमध्ये नेट जातंय,” ती रडवेली झाली होती. “साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर पुण्याला येऊन बसा. कायमचं. दादीला मात्र सांगू नका. ती जेवायची न्हाय.”

“खाली बसून कर की काम,” मी म्हटलं.

“खाली झकास चालतं, काकू. पण परवा मीटिंगमध्ये शेळी ओरडली. साहेबांनी विचारलं, हा मुद्दा कुणी मांडला?”

आमचे हे उठले. मफलर गुंडाळला. मे महिना होता.

घटनास्थळी, म्हणजे सिकंदरभाईंच्या माजघरात, कोनाड्यात नेटची पेटी होती. तिचे हिरवे डोळे लुकलुकत होते. रस्त्यावरच्या खांबावरून केसाएवढी बारीक काच तिच्यापर्यंत येते आणि त्या काचेतून म्हणे उजेड धावतो. मला तर ऐकूनच गोड वाटलं. जात्याशी नसले तरी ओवी ओठावर आलीच :

काचंच्या वाटंनं गं, उजेड आला धावत
माडीच्या पायरीला, का गं बसला लाजत?

“गाणी बंद,” हे म्हणाले. “पोरी, पेटीपर्यंत नेट पुरं येतंय?”

“व्हय काका. फायबरवाल्या कंपनीचा दीपक येऊन मोजून गेला. फायबरचं काम पेटीपर्यंतच. पुढं माडीवर वायफाय जातं, हवेतून.”

“म्हंजे पेटीपर्यंत एक्स्प्रेस आणि पुढं पायी.” यांनी डोळे मिटले. “तर मग चोर जिन्यात हाय!”

पेटीखाली घडवंचीवर पाण्याची भांडी मांडली होती. स्टीलचे हंडे, हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या, पार कोनाडा झाकेपर्यंत. बिबीजानमावशी शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिनं भांडी अशी घासली होती की यांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. हे वाकले, निरखून बघितलं आणि मिशी सारखी केली.

“संशयास्पद काही न्हाय,” म्हणाले.

पहिला संशय शेळीवर. तिची जबानी घेताना यांच्या मफलरचं एक टोक कमी झालं. दुसरा संशय जोतीरामवर. तो टीव्हीची केबल लावायचा, फायबर आल्यापासून त्याचा धंदा बसला. त्याला यांनी चावडीपाशी गाठलं.

“खरं सांग, जोतीराम. फायबरवर राग हाय का न्हाय तुझा?”

“राग कसला, मानसिंगराव? माझ्याच घरात फायबर हाय. सासूच्या मालिका आडकत न्हायत आता.”

मग दुपारभर जिन्यात पहारा. हे मधल्या पायरीवर बसले, चोराला वाटू नये म्हणून डोळे मिटून. घोरण्याचा आवाज माडीवरच्या मीटिंगमध्ये गेला. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?

शेवटी दुसऱ्या दिवशी माजघरात रुक्सारनंच सांगितलं, “काका, रोज जात न्हाय. एक दिवस अगदीच बंद, मग हळूहळू सुधारतं, की परत बंद. दोन दिसाआड.”

“दोन दिसाआड!” हे ताडकन उठले. “कौसल्ये, या गल्लीत दोन दिसाआड काय घडतं? दूध रोज. बाजार आठवड्याला. दोन दिसाआड फक्त एकच गोष्ट घडती.” यांचा चेहरा उतरला. “मी आंघोळ करतो.”

 तपासाचा धागा थेट तपास अधिकाऱ्याच्या बनियनपर्यंत येऊन पोचला होता.

“पण त्याच दिवशी का करता?” मी विचारलं.

“नळाला पाणी त्याच दिवशी येतं म्हणून. पर विषय भरकटवू नकोस. मी दोषी असंल तर कबूल करीन. सोमवारपातूर आंघोळ बंद.”

माझी नजर घडवंचीकडं गेली. आजच नळ आला होता. भांडी काठोकाठ भरलेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी हात वर केला, “थांब, विचार चाललाय,” आणि विचाराच्या भरात मोठ्यानं बोलून गेले, “आंघोळ सोडीन, पर या पोरीला सोमवारी पुण्याला कायमची जाऊ देणार न्हाय!”

मावशीच्या हातातलं तांदळाचं सूप थांबलं.

“कोण जाणार पुण्याला?” बिबीजानमावशीनं विचारलं.

 रुक्सारनं मान खाली घातली. “दादी, नेट टिकलं न्हाय तर मला बोलावलंय.”

मावशी उठली. गुडघ्यावर हात टेकून. तिनं कोनाड्यासमोरचा तांब्या उतरवला, कळशी उतरवली, दारातल्या कर्दळीला ओतली. मग दुसरी. ते पाणी दोन दिवस पुरवायचं होतं.

“मावशी, पाणी वाया चाललंय!” हे ओरडले.

“मानसिंगा, हांडा धर. लई भारी हाय.”

मी आणि यांनी मिळून हंडे उतरवले आणि परसदारी नेले. कोनाडा मोकळा झाला. पेटी आता घरभर बघत होती.

“रुक्सार, वर जाऊन बघ,” मावशी म्हणाली.

पोरगी धावत माडीवर गेली.  मग वरून किंचाळी, “आलं! दार लावूनसुद्धा आलं! काकू, पळतंय नुसतं!”

“पाणी!” यांनी कपाळावर हात मारला. “भरल्या भांड्यांची भिंतच की ही. हवेतनं जाणार कुठनं? माझा तपास बरोबर दिशेनं...”

“चहा प्या,” मी म्हटलं.

रुक्सार जिना उतरून आली आणि मधल्याच पायरीवर थबकली. हसू तिच्या ओठांवर होतं, पण डोळे दादीकडं लागले होते.

“दादी, तुला कसं कळलं?”

मावशीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तांदूळ मात्र निवडेना.

“भांडी भरली की तुझं नेट जातं, हे मला कवाच कळलं होतं. नेट गेलं की तू लॅपटॉप घिऊन खाली यायचीस, माझ्या गुडघ्याला टेकून बसायचीस. म्हणून मी एकावर एक कळशी चढवीत गेले. तुला पुण्याला बोलवून घेतील ते, हे न्हवतं ठावं मला.” तिचा आवाज बारीक झाला. “पुण्याहून आलीस, पर जिना चढून पुन्हा लांबच गेलीस गं.”