हारुनमियां कल्हईवाले यांची जीभ जव्हार दवाखान्यात दाखल जाहली, ती हकीकत

हे प्रथम नमूद करावे की, शके अठराशे पस्तीस, पौष मासी, तो दिवस साधाच उगवला. आकाशी धूमकेतू नव्हता, दिशा कोंदल्या नव्हत्या, कोंबडेही वेळेवर आरवले.

मोखाडा इंग्रजी अंमलात, जव्हार संस्थानी, मध्ये आठ कोस डोंगर. मोखाड्याकडील वैद्यकीचा रिवाज ऐसा, की फिरते कंपाउंडर साठीपुढील रोग्यास लांबूनच न्याहाळीत, "वय झाले" हे निदान बक्षीस देत आणि कूच करीत. जव्हारचे दवाखान्यात मात्र डॉक्टरसाहेब म्हाताऱ्यासही स्टुलावर बसवीत, छातीस नळी लावीत आणि बाटली भरून औषध देत. मग मोखाड्याचे हारुनमियां कल्हईवाले, उमर सत्तर, यांचे पाय सुजले आणि चार पावलांत दम लागू लागला, ही खबर जव्हारी नांदत्या कन्या झरीनाबी यांस पोहोचली, आणि त्यांणी मोहीम मुक्रर करून निरोप धाडला, की बाबांनी तातडीने दाखल व्हावे.

खासा स्वारी पहाटेस सोम्या गाडीवानाचे बैलगाडीतून निघाली, संगे कल्हईचा भाता आणि नवसागर, आणि वाटेत दोन पातेली व एक परात सर करून तिसरे प्रहरी दवाखान्यास येऊन भिडली. तेथे झरीनाबी अगोदरच मोर्चा बांधून उभ्या होत्या. डॉक्टरसाहेबांचा हुकूम जाहला, की जीभ दाखवावी.

मियांनी ओठ मिटले.

संकट थोर होते. मियांचे मते जीभ दाखवणे म्हणजे वेडावणे, आणि इंग्रजांचे रयतेने दरबारच्या अंमलदारास त्याचेच कचेरीत वेडावले, तर दोन्ही सरकारांत बिघाड होऊन उद्या शिवेवर फौजा उभ्या राहतील. तीन वेळा हुकूम सुटला, तीन वेळा परत आला. मग सोम्या दारातून गरजला, "दाखव ना बाबा एकदाची! माझा बैल रोज दाखवतो, त्याला कोण फाशी देतो?"

"बैल कोणाची रयत नाही," ऐसा जाब आला, तो दातांआडून.

मग झरीनाबी, तीन लेकरांच्या आई, यांणी ओढणी सावरली आणि भर दवाखान्यात, बापासमोर, हनुवटीपावेतो जीभ काढली. मियां थक्क जाहले, आणि मग ऐसे हसले की खोकला उसळला, आणि त्या धामधुमीत त्यांची जीभ आपण होऊन बाहेर पडली. साहेबांनी संधी साधून ती पाहिली, नळी लावली, बाटली दिली आणि फर्मावले, की रोगी आठ रोज जव्हारातच राहावा, रोज तपासावा लागेल.

मियांनी बाटली घेतली, फर्मान घेतले नाही. लेकीकडे एक रात्र मुक्काम केला आणि सकाळी गाडीपाशी उभे राहून बोलले, "जावयाच्या ओट्यावर आठ दिवस? मोखाड्यात म्हणतील, हारुनचा भाता थंडावला." मग हलकेच, "तूच सांग झरू, राहू का?"

झरीनाबींचे मागे, दारात, सासूबाई उभ्या होत्या.

झरीनाबी बोलल्या, "सोम्या, गाडीत पेंढा जास्त घाल."

तिसरे रोजी सोम्या एकटाच आला. मियां भल्या सकाळी निवर्तले होते, आणि बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली होती.

येणेप्रमाणे जव्हारची मोहीम फत्ते जाहली. हारुनमियां यांची जीभ दवाखान्यात रीतसर पाहिली गेली, उभय सरकारांचा सलोखा अभंग राहिला, आणि बैलांसही इजा जाहली नाही. लिहिणार खुद्द झरीना.

एवढे लिहून दौत झाकली. सासूबाई ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "राहा, बाबा. आठ दिवसच कशाला? माझ्याकडेच राहा."